विष पेशीत शिरण्याआधी : अँटिटॉक्सिन उपचार, पायरीपायरीने

घशात करडा पापुद्रा, दोन्ही बाजूंनी सुजलेली मान, नाकातून रक्तमिश्रित पाणी. असा पेशंट समोर आला की हात आपसूक अँटिबायोटिककडे जातो. ते चुकीचं नाही, पण तेवढ्याने भागत नाही. घटसर्पाचे जिवाणू बहुधा घशातच मुक्काम ठोकून असतात. हृदयावर आणि चेतातंतूंवर घाव घालतं ते त्यांनी रक्तात सोडलेलं विष. अँटिबायोटिक जिवाणू मारतं आणि नव्या विषाचा पुरवठा तोडतं. जे विष आधीच रक्तात उतरलंय, त्याला ते हातही लावत नाही. तिथे विषाला बांधणारी अँटिबॉडीच लागते. अशा तयार अँटिबॉडींचं औषध म्हणजे अँटिटॉक्सिन.

या लेखात तोच उपचार क्रमाने मांडला आहे: संशय कधी घ्यायचा, देण्याआधी काय करायचं, कसं द्यायचं, दिल्यावर काय बघायचं आणि कुठे द्यायच्या फंदात पडायचं नाही. वॉर्डात ड्यूटी करणारे तरुण डॉक्टर आणि नर्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. पेशंटच्या नातेवाइकांनाही ‘हे घोड्याचं सीरम म्हणजे नक्की काय देताहेत’ ते यातून समजेल. डोसचे आकडे दिले आहेत ते विचार कसा करायचा हे कळावं म्हणून. प्रत्यक्ष देताना हातातल्या कुपीसोबतचं पत्रक आणि तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल हाच शेवटचा शब्द.

अँटिबॉडी नेमकं काय अडवते

घटसर्प, धनुर्वात आणि बोट्युलिझम (बहुधा दूषित अन्नातल्या विषाने येणारा लुळेपणा) या तिन्ही आजारांतल्या विषांची बांधणी बरीचशी सारखी आहे. रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, दुसरा आत शिरून नासधूस करतो. घटसर्पाचं विष पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. त्याचा एकच रेणू पेशीच्या आतल्या द्रवात पोहोचला तरी ती पेशी मरू शकते, हे १९७८ मध्ये प्रयोगांतून दिसलं. धनुर्वाताचं विष चेतातंतूच्या टोकातून आत घुसतं आणि उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे स्नायूंना आवर घालणारे संदेशच ते बंद करतं, म्हणून अंग ताठतं आणि झटके येतात. बोट्युलिनम विष स्नायूजवळच्या चेतातंतूच्या टोकावरच थांबतं, स्नायूला आकसण्याचा संदेश देणारं ॲसिटिलकोलीन बाहेर सुटू देत नाही, आणि स्नायू लुळे पडतात.

अँटिबॉडी या विषाला मोकळ्या अवस्थेत गाठते आणि त्याला पेशीला चिकटू देत नाही. ती स्वतः पेशीच्या आत जात नाही. आत शिरलेलं विष तिच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. या उपचारातले जवळजवळ सगळे नियम या एकाच गोष्टीतून निघतात: घाई का करायची, डोस वजनावर का ठरत नाही, आलेला लुळेपणा इंजेक्शनने लगेच का जात नाही.

एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं की, विषाला प्रतिकार करायला शिकलेल्या प्राण्याचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतं. बेहरिंग यांना १९०१ चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. पण माझ्या मते जास्त महत्त्वाचं काम डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांचं. त्यांनी कोपनहेगनमध्ये घटसर्पाच्या पेशंटना एक दिवसाआड सीरम दिलं. एका दिवशी भरती झालेल्यांना सीरम, दुसऱ्या दिवशीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. १८९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सीरम मिळालेल्या २३९ जणांत ८ मृत्यू, न मिळालेल्या २४५ जणांत ३०. सव्वाशे वर्षांनंतरही घटसर्पाचा मुख्य उपचार तोच आहे.

पायरी १ : आजार विषाचा आहे का, हे ओळखा

घटसर्पात पापुद्रा टॉन्सिलपुरता न राहता टाळूवर, पडजिभेवर, मागच्या भिंतीवर पसरतो. तो घट्ट चिकटलेला असतो आणि ओढला की रक्त येतं. ताप बेताचाच असतो, मात्र पेशंट तापाच्या मानाने फारच गळून गेलेला दिसतो. या विसंगतीकडे लक्ष ठेवा. मान बैलासारखी सुजली असेल तर विष भरपूर आहे असं समजूनच चाला. लसीकरण अपुरं असेल किंवा शेवटचा बूस्टर आठवतही नसेल, तर संशय आणखी बळावतो.

धनुर्वात प्रयोगशाळेत सापडत नाही, पेशंटजवळ उभं राहूनच ओळखावा लागतो. तोंड उघडत नाही, गिळायला त्रास होतो, मान आणि पाठ ताठते, आवाजाने किंवा नुसत्या स्पर्शाने झटका येतो. शुद्ध पूर्ण असते, त्यामुळे हाल भयंकर. जखम सापडेलच असं नाही. जखमेपासून लक्षणांपर्यंतचा काळ साधारण ३ ते २१ दिवसांचा असतो आणि तो जितका कमी, तितका आजार जास्त गंभीर.

बोट्युलिझममध्ये लुळेपणा वरून खाली उतरतो. आधी दोन-दोन दिसणं, पापण्या ओघळणं, बोलणं जड होणं, गिळता न येणं. मग मान, हात, छाती, पाय. दोन्ही बाजूंना सारखंच. ताप नाही, संवेदना शाबूत, पेशंट पूर्ण जागा. एकाच जेवणातल्या दोन जणांना असं झालं तर दुसरं निदान शोधत बसायचं कारण नाही.

चौथा प्रकार टॉक्सिक शॉकचा: स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकसचं विष, अचानक कोसळलेला रक्तदाब, अंगभर लाली, एकामागून एक बंद पडणारे अवयव. त्याचं गणित वेगळं आहे, त्यावर पुढे.

पायरी २ : नमुने आधी, रिपोर्टची वाट मात्र नाही

या दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तशा नाहीत. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात, रिपोर्ट यायला दिवस. म्हणून नमुने घ्यायचे, पाठवायचे आणि संशयावरच उपचार सुरू करायचे.

घटसर्पात स्वॅब पापुद्र्याच्या वरून फिरवून उपयोग नाही. त्याची कड हलकेच उचलून खालून घ्या, शिवाय नाकातूनही एक घ्या. प्रयोगशाळेला ‘घटसर्पाचा संशय’ असं ठळक लिहून द्या आणि फोनही करा. वेगळं माध्यम लागतं. नुसता ‘थ्रोट स्वॅब’ म्हणून गेला तर जिवाणू उगवूनही कुणाच्या नजरेस पडणार नाही. सापडलेला जिवाणू विष बनवतो का, हे एलेक चाचणीने ठरतं.

बोट्युलिझममध्ये रक्त अँटिटॉक्सिन देण्याआधीच काढलेलं असायला हवं. एकदा अँटिटॉक्सिन गेलं की रक्तातलं विष बांधलं जातं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. शौचाचा नमुना आणि संशयित अन्न उरलं असेल तर तेही जपून ठेवा. टॉक्सिक शॉकमध्ये इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी) देणार असाल तर सीरॉलॉजीची, म्हणजे अँटिबॉडी शोधणारी, रक्ततपासणी आधी. नाहीतर दात्यांच्या अँटिबॉडी पेशंटच्या समजून तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

नमुना काही कारणाने मिळालाच नाही, तर त्यासाठी अँटिटॉक्सिन अडवून ठेवू नका.

पायरी ३ : हातात कोणती कुपी आहे, ते नीट वाचा

सगळी अँटिटॉक्सिन एकसारखी नसतात.

घोड्याच्या सीरमपासून बनवलेलं: घटसर्पाचं अँटिटॉक्सिन आजही मुख्यतः हेच. घोड्याला निष्प्रभ केलेलं विष टप्प्याटप्प्याने टोचतात, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या वेगळ्या करून शुद्ध करतात. माणसाच्या शरीराला हे प्रथिन परकं, म्हणून ॲलर्जीचा धोका. बोट्युलिझमसाठी अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेलं सात प्रकारच्या विषांवरचं अँटिटॉक्सिनही घोड्याचंच, पण त्यातला अँटिबॉडीचा ॲलर्जी वाढवणारा शेपटाचा भाग बहुतांशी कापून टाकलेला असतो. त्याने रिअ‍ॅक्शन कमी होतात, पण ते शरीरात टिकतंही कमी.

माणसाच्या रक्तापासून बनवलेलं: धनुर्वाताचं मानवी इम्युनोग्लोब्युलिन, आणि तान्ह्या बाळांच्या बोट्युलिझमसाठीचं २००३ मध्ये मंजूर झालेलं औषध. हे काही आठवडे टिकतं आणि त्वचाचाचणी लागत नाही. बाळांवरच्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात या औषधाने रुग्णालयातला सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आला. उशीर झालाय असं वाटूनही बाळांना ते द्यावं, कारण बाळाच्या आतड्यात जिवाणू विष बनवतच राहतात आणि मोकळं विष रोज नव्याने येत असतं.

तिसरा गट प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडींचा. विषाच्या एकाच ठरावीक जागी चिकटणारी, एकाच साच्यातली अँटिबॉडी. ॲन्थ्रॅक्ससाठीची रॅक्सिबॅक्युमॅब २०१२ मध्ये आणि ऑबिल्टॉक्सॅक्सिमॅब २०१६ मध्ये मंजूर झाली. आजार विरळ आणि माणसांवर चाचणी करणं अशक्य, म्हणून परिणामकारकता प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून मान्य करण्यात आली. त्या अँटिबायोटिकच्या जोडीनेच द्यायच्या असतात.

आणि एक गल्लत, जी जखमेच्या पेशंटबाबत सर्रास होते. धनुर्वाताची लस आणि धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन ही दोन वेगळी इंजेक्शनं आहेत. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते आणि त्याला वेळ लागतो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी. केसपेपरवर नुसतं ‘धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं’ असं लिहिलेलं असेल तर कोणतं दिलं ते विचारा.

कुपी २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी, कधीही गोठलेली नसावी. अँटिटॉक्सिन बहुतेक ठिकाणी मोजकंच असतं, अनेकदा जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या साठ्यातून मागवावं लागतं. ते कुठून येतं आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे पेशंट येण्याआधीच ड्यूटीरूमच्या भिंतीवर लावलेलं असू द्या.

पायरी ४ : आधीची विचारपूस आणि त्वचाचाचणी

हा भाग फक्त घोड्याच्या सीरमसाठी. तीन प्रश्न विचारा: आधी कधी घोड्याचं सीरम मिळालंय का (सर्पदंशावरचं औषध किंवा जुन्या काळचं धनुर्वाताचं सीरम यात येतं), दमा किंवा तीव्र ॲलर्जी आहे का, घोड्यांजवळ गेल्यावर शिंका किंवा धाप लागते का. सर्पदंशाचं औषध बहुतेकांच्या लक्षात नसतं, कारण तेव्हा ते लहान असतात. घरच्या मोठ्या माणसांना विचारावं.

त्वचाचाचणी करायची की नाही, यावर मतं बदलली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट सगळ्यांची चाचणी करू नये असं सुचवलं. मला ते पटतं. चाचणी निगेटिव्ह येऊनही तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, पॉझिटिव्ह येऊनही काहीच होत नाही, आणि या सगळ्यात वेळ जातो. तरीही अनेक पत्रकांत आणि प्रोटोकॉलमध्ये चाचणी आहे. करायची असेल तर नीट करा.

पातळ केलेल्या सीरमचा एक थेंब हाताच्या आतल्या बाजूला ठेवायचा आणि त्यातून त्वचेवर रक्त न येईल असा हलका ओरखडा काढायचा. शेजारी नुसत्या सलाईनचा ओरखडा, आणि उपलब्ध असेल तर हिस्टामिनचाही. १५ ते २० मिनिटांनी पाहायचं. सलाईनच्या जागेपेक्षा ठळक मोठी गांधी, भोवती लाली, तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनच्या जागी काहीच उठलं नाही तर पेशंटने बहुधा अँटिहिस्टामिन घेतलेलं असतं आणि चाचणीला अर्थ उरत नाही. ओरखड्याची चाचणी निगेटिव्ह आली तरच त्वचेत सुई टोचून करायची पुढची चाचणी. पहिल्यापासून सुईने सुरुवात करणं धोक्याचं. आणि चाचणीच्या आधी ॲड्रेनॅलीन भरलेली सिरिंज ट्रेमध्ये असलीच पाहिजे, कारण ओरखड्यानेही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी, होऊ शकतो.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अँटिटॉक्सिन रद्द, असं नाही. घटसर्पाला दुसरा पर्याय नाही. अशा वेळी अतिशय पातळ, अतिशय कमी डोसपासून सुरुवात करून दर १५ मिनिटांनी वाढवत नेतात. हे काम आयसीयूमध्ये, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करावं. एकदा सुरू केलं की मध्ये खंड पडू देऊ नका, नाहीतर मिळवलेली सहनशीलता निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पायरी ५ : डोस विषावर ठरतो, वजनावर नाही

नवख्या माणसाचा हात इथे अडखळतो. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाइतका डोस? घटसर्पात हो, तेवढाच. आपण शरीराच्या आकाराला औषध देत नाही, विषाला देतोय. ते किती असेल, याचा अंदाज पापुद्रा कुठे आहे, किती पसरलाय आणि किती दिवस झालेत, यावरून बांधायचा.

घटसर्पाचे साधारण वापरात असलेले टप्पे असे: घशापुरता किंवा स्वरयंत्रापुरता आणि दोन दिवसांच्या आतला आजार असेल तर २०,००० ते ४०,००० युनिट, नाक आणि घसा दोन्ही असतील तर ४०,००० ते ६०,०००, तीन दिवस उलटलेत, पापुद्रा सर्वत्र पसरलाय किंवा मान सुजलीय तर ८०,००० ते १,००,०००. एकाच वेळी पूर्ण द्यायचा. ‘आज अर्धा देऊ, उद्या पाहू’ असं केलं तर उद्यापर्यंत उरलेलं विष पेशीत शिरलेलं असतं.

धनुर्वातावर उपचार म्हणून मानवी इम्युनोग्लोब्युलिन ५०० युनिट, स्नायूत, एकदाच. पूर्वी ३,००० ते ६,००० युनिट देत. कमी डोसही तितकाच चालतो असं दिसल्यावर तो आकडा खाली आला. जखम झालीय पण आजार नाही, अशा वेळी प्रतिबंधासाठी २५० युनिट. इम्युनोग्लोब्युलिन थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात देऊन फायदा होतो का, याची व्हिएतनाममध्ये मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरची गरज त्याने कमी झाली नाही.

बोट्युलिझममध्ये मोठ्यांना बहुधा एक कुपी पुरते, मुलांना मात्र पत्रकातल्या तक्त्याप्रमाणे वजनावर. म्हणजे वरचा नियम डोळे झाकून सगळीकडे लावायचा नाही.

पायरी ६ : प्रत्यक्ष देताना

कुपी फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड सीरम वेगाने गेलं तर थंडी वाजते आणि ताप चढतो. घटसर्पाचं अँटिटॉक्सिन २५० ते ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून साधारण २ ते ४ तासांत शिरेतून द्यायचं. अगदी सौम्य आजारात स्नायूतही देता येतं, पण रक्तात पोहोचायला उशीर होतो, म्हणून मी तरी शिरेतूनच म्हणेन.

ड्रिप लावण्याआधी दुसरी एक शीर उघडी ठेवा. ऑक्सिजन, सक्शन, ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) जवळ हवी. ॲड्रेनॅलीनची मात्रा आधीच काढून लिहून ठेवा: १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम या तीव्रतेचं, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. ऐन गडबडीत हा हिशोब करायची वेळ येऊ नये.

पहिली १५ मिनिटं थेंब अगदी सावकाश ठेवा आणि पेशंटजवळून हलू नका. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन पाहत राहा. त्याहून आधी काही गोष्टी दिसतात: पेशंट नाक चोळायला लागतो, तळहात खाजवतो, दोनदा-तीनदा कोरडं खोकतो, ‘कसंतरीच होतंय’ म्हणतो. त्याच क्षणी ड्रिप बंद करा आणि तपासा. अंगावर गांध्या, घरघर, ओठ-जीभ सुजणं किंवा रक्तदाब उतरणं यांपैकी काही असेल तर ॲड्रेनॅलीन लगेच. अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड नंतर. आधी ती देऊन ‘बघू या’ म्हणण्यात जीव जातात.

नुसता ताप आणि हुडहुडी असेल, श्वास व रक्तदाब व्यवस्थित असतील, तर ती बहुधा सीरममधल्या ताप आणणाऱ्या घटकांची प्रतिक्रिया. थेंब कमी करा, पॅरासिटामॉल द्या, लक्ष ठेवा आणि डोस पूर्ण करा. रिअ‍ॅक्शन आटोक्यात आल्यावर उरलेलं अँटिटॉक्सिन अधिक सावकाश पुन्हा सुरू करता येतं. ते अर्धवट सोडण्याचा निर्णय सहजासहजी घेऊ नका.

पायरी ७ : सोबतचे उपचार, आणि त्यांचा क्रम

अँटिबॉडी फक्त सुटलेलं विष गोळा करते. कारखाना दुसऱ्या कुणीतरी बंद करायचा असतो. घटसर्पात त्यासाठी अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा पेनिसिलिन. पापुद्रा स्वरयंत्राकडे सरकत असेल तर श्वासमार्ग वेळेत सुरक्षित करा. पेशंटला वेगळं ठेवा, आणि ईसीजी रोज.

धनुर्वातात क्रमाला महत्त्व आहे. आधी इम्युनोग्लोब्युलिन, मग काही तासांनी जखमेची सफाई, म्हणजे कापाकापीत आणखी विष सुटलं तर त्याला गाठायला अँटिबॉडी रक्तात हजर असते. अँटिबायोटिक मेट्रोनिडॅझोल. बाकी सगळी लढाई शुश्रूषेची: शांत, मंद उजेडाची खोली, डायझेपाम, मॅग्नेशियम, गरज पडली तर आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटर.

बोट्युलिझममध्ये अँटिटॉक्सिन शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांत. ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका, तो खूप उशिरा उतरतो. पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला सांगा, दर काही तासांनी त्याची नोंद करा आणि शक्य असेल तर श्वासाची क्षमता यंत्राने मोजा. उतरण लागली की व्हेंटिलेटरची तयारी. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी औषधं टाळा, ती स्नायूंचा लुळेपणा वाढवतात. मॅग्नेशियमही त्याच कारणाने नको. तेच मॅग्नेशियम धनुर्वातात कामाला येतं, म्हणून दोन शेजारच्या खाटांची औषधं अदलाबदल होऊ देऊ नका.

जिथे हात आखडता घ्यावा

स्ट्रेप्टोकोकसच्या टॉक्सिक शॉकमध्ये विषावरचा पहिला इलाज म्हणजे क्लिंडामायसिन. पेनिसिलिन जिवाणूची भिंत पाडतं, क्लिंडामायसिन त्याचं प्रथिन बनवणं, म्हणजेच विष बनवणं, थांबवतं. दोन्ही एकत्र द्यायची. सडलेला भाग असेल तर शस्त्रक्रिया त्याहूनही तातडीची. त्यावर अनेक दात्यांच्या रक्तातून बनवलेलं इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का? पहिल्या दिवशी किलोला १ ग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ०.५ ग्रॅम अशी पद्धत प्रचलित आहे. तिचा आधार असलेली युरोपातली यादृच्छिक चाचणी पुरेसे पेशंट न मिळाल्याने लवकर थांबली. नंतर मांसाचा नाश करणाऱ्या संसर्गांवर १०० पेशंटची चाचणी झाली, त्यात सहा महिन्यांनंतरच्या शारीरिक क्षमतेत फरक दिसला नाही; अर्थात त्यातल्या सगळ्यांना स्ट्रेप्टोकोकस नव्हता. माझं मत असं: स्ट्रेप्टोकोकसचा टॉक्सिक शॉक नक्की असेल आणि पेशंट खालावत असेल तर द्यावं, पण त्यासाठी शस्त्रक्रिया तासभरही लांबवू नये. मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतील किंवा गुठळ्यांचा धोका असेल तर अधिक जपून.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या जुलाबांसाठी बेझ्लोटॉक्सुमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडी २०१६ मध्ये आली. हा जिवाणू ए आणि बी अशी दोन विषं सोडतो, त्यातलं विष बी हे तिचं लक्ष्य. दोन मोठ्या चाचण्यांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. सुरू असलेला जुलाब ती बरा करत नव्हती, फक्त पुढचा झटका टाळत होती. विष ए वरची दुसरी अँटिबॉडी जोडून पाहिली, तिने भर काहीच पडली नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना जपून द्यावी लागे. कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये तिची विक्री थांबवली, त्यामुळे जुन्या प्रोटोकॉलमध्ये नाव दिसलं तरी आता तिच्यावर बेत आखू नका.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचं काय? तेही विषच, जिवाणूच्या भिंतीतलं. १९९१ मध्ये एचए-१ए नावाच्या अँटिबॉडीच्या चाचणीने मोठी आशा दाखवली, काही देशांत तिची विक्रीही सुरू झाली. पुढच्या चाचणीत ज्यांच्या रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू नव्हतेच, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले आणि १९९३ मध्ये ती मागे घेतली गेली. घटसर्पात एकच विष सगळा आजार घडवतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव कोलमडू लागतात तेव्हा, एंडोटॉक्सिन ही फक्त ठिणगी. आपण पोहोचेपर्यंत आग शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेची झालेली असते. ‘सेप्सिस आहे, अँटिबॉडी द्या’ असं कुणी म्हटलं तर ‘कोणत्या विषाविरुद्ध?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

पायरी ८ : पुढचे दिवस

नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की इंजेक्शनने आजार पुढे सरकणं थांबेल, झालेलं नुकसान लगेच भरून निघणार नाही. बोट्युलिझममध्ये चेतातंतूंना नवी टोकं फुटेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी ‘औषध लागू पडलं नाही’ असा गैरसमज होतो.

घटसर्पात पापुद्रा गळून पडला, पेशंट जेवायला लागला, म्हणजे संपलं असं नाही. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हृदयाला सूज येऊ शकते, म्हणून विश्रांती आणि ईसीजी चालूच. नंतर आवाज नाकातून यायला लागला किंवा पाणी पिताना नाकातून परत आलं, तर टाळूचा लुळेपणा समजा आणि गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका.

घोड्याच्या सीरमनंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी, गाठी अशी सीरम सिकनेसची लक्षणं दिसू शकतात. आधी कधी असं सीरम मिळालेलं असेल तर आणखी लवकर. तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि कुणीतरी नव्या संसर्गाचं अँटिबायोटिक सुरू करतं. डिस्चार्ज देताना ही लक्षणं सांगून ठेवा. बहुतेकांना अँटिहिस्टामिन आणि वेदनाशामक पुरतात, जास्त त्रास असेल तर थोडे दिवस स्टेरॉइड.

घटसर्प किंवा धनुर्वात होऊन गेला तरी त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती येईलच असं नाही. धनुर्वातात तर आजार घडवणारं विष इतकं कमी असतं की शरीर त्याची दखलच घेत नाही. म्हणून लस द्यायचीच: धनुर्वातात इम्युनोग्लोब्युलिनसोबतच पण दुसऱ्या दंडात, घटसर्पात पेशंट सावरल्यावर. गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लशी मात्र लांबवाव्या लागतात, कारण दिलेल्या अँटिबॉडी त्या लशींनाच निकामी करतात. धनुर्वाताच्या इम्युनोग्लोब्युलिननंतर ३ महिने, शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसनंतर ८ ते ११ महिने.

घटसर्पाच्या पेशंटच्या घरातल्यांचे स्वॅब घ्या, त्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक आणि लशीचा राहिलेला डोस द्या. लक्षणं नसलेल्यांना अँटिटॉक्सिन नको. आणि डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: घोड्याचं सीरम दिलं, कोणतं, किती युनिट, कोणत्या बॅचचं, कोणत्या तारखेला, रिअ‍ॅक्शन आली का. पुढे कधी साप चावला तर तिथल्या डॉक्टरला ही ओळ लागेल.